१०६० की ५८०? घरी आलं ते तिसरंच

एकूण ९,०५० रुपये गेले. आधीच सांगून टाकतो, म्हणजे "किती गेले रे?" हा प्रश्न पुन्हा नको. जुन्या ग्राफिक्स कार्डाचे ६,५००, त्या कार्डासाठी खास घेतलेल्या एसएमपीएसचे, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याचे, २,३५०, आणि कार्ड नकली आहे हे ऐकून घ्यायचे २००.

भाचा दहावी झाला. ताईकडच्या जुन्या पीसीत गेम चालावेत म्हणून ग्राफिक्स कार्ड बसवून देईन असं मी कबूल केलं होतं. आमच्या घराण्यात कॉम्प्युटरचं काहीही निघालं की फोन मला येतो, त्यामुळे लाज जरा जास्तच वाटतेय. आणि मी काही डोळे मिटून खरेदी केली नाही हो. पंधरा दिवस अभ्यास केला, एक्सेलमध्ये तक्ता केला. त्यात शेवटी दोन कार्डं उरली. जीटीएक्स १०६०, २०१६ चं, सहा जीबी, १२० वॅट. आरएक्स ५८०, २०१७ चं, आठ जीबी, पण १८५ वॅट. मेमरी जास्त म्हणून ५८० उजवं, पण ते वीज खातं आणि तापतं, आणि ताईचं कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबलेलं. म्हणून १०६०. हा हिशोब आजही मला चूक वाटत नाही. घरी आणलेलं कार्ड १०६० नव्हतं, एवढाच काय तो फरक.

जुन्या सामानाच्या जाहिरातींत एकाकडे दोन्ही कार्डं दिसली. १०६० चे ६,८०० आणि ५८० चे ६,०००. मी फोन केला तर हा पठ्ठ्या स्वतःच म्हणाला, "दादा, ५८० घेऊ नका. ते २०४८ एसपीवालं आहे. वर क्रिप्टो-चलनाच्या मायनिंगला वापरलेलं. तुम्हाला कशाला फसवू?" आता ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे: २०१८ साली चीनच्या बाजारासाठी २०४८ एसपी नावाचं ५८० आलं होतं, त्यात २,३०४ ऐवजी २,०४८ स्ट्रीम प्रोसेसर (एसपी, आकडेमोड करणारे कोअर), म्हणजे नाव ५८० आणि आत ५७०. ही माहिती मला होती, आणि हा माणूस ती आपण होऊन सांगतोय! मी तिथेच विरघळलो. मग हुशारी दाखवायला विचारलं, "१०६० तीन जीबीचं तर नाही ना? त्यात कोअर कमी असतात." तो म्हणाला, "वा दादा, तुम्हाला तर सगळंच माहितीये." विक्रेता तुमचं कौतुक करायला लागला की फोन ठेवा.

त्याने जीपीयू-झेडचा, म्हणजे कार्डाची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, स्क्रीनशॉट पाठवला, गेम चालतानाचा व्हिडिओ पाठवला. व्हिडिओत कार्ड आणि स्क्रीन एका फ्रेममध्ये एकदाही नव्हते, हे मला नंतर दिसलं. टोकन म्हणून ५०० यूपीआयने दिले. घरी आजारी माणूस आहे म्हणाला, म्हणून हार्बर लाइनच्या एका स्टेशनाबाहेर भेटायचं ठरलं. वडापावच्या गाडीशेजारी उभं राहून ६,००० रोख दिले. रोख का दिले म्हणून बायको रोज विचारते. ३०० कमी केले होते ना त्याने, त्या आनंदात दिले.

आता ती जागा, जिथे अजूनही रात्री झोपेत येऊन पोचतो. पिशवीतून कार्ड काढलं, उलटसुलट केलं. मागच्या पट्टीवर तीन पोर्ट: एचडीएमआय, डीव्हीआय आणि एक निळं. निळं! व्हीजीए, जुन्या मॉनिटरचं अ‍ॅनालॉग पोर्ट! १०६० बनवणाऱ्या एनव्हिडियाने त्या पिढीत अ‍ॅनालॉग आउटपुट काढूनच टाकलं. माझ्या स्वतःच्या तक्त्यात पोर्टचा रकाना होता, त्यात व्हीजीए नव्हतं. आणि मी काय केलं? खूश झालो. ताईकडचा मॉनिटर जुना, व्हीजीएचाच, म्हणजे कन्व्हर्टरचे पैसे वाचले! त्याला "बरं झालं, हे पोर्ट पण आहे" असं बोलूनही दाखवलं. तो हसला. वरच्या कडेला एसएलआयचे, म्हणजे दोन कार्डं एकमेकांना जोडायचे, सोनेरी दातही होते. १०६० ला एसएलआय नाहीच. पण निळ्याच्या आनंदात सोनेरी कुठलं दिसतंय?

घरी लावलं. स्क्रीन आली, नाव १०६० दिसलं, भाच्याने "मामा, भारी!" म्हणून उडी मारली. नवा ड्रायव्हर टाकला आणि स्क्रीन काळी. पुन्हा टाकला, पुन्हा काळी. मग जीपीयू-झेडची ताजी आवृत्ती उतरवली. अशी नकली कार्डं ओळखायची सोय त्यात २०१८ पासून आहे. कार्डाच्या नावाआधीच कंसात 'फेक' असं लिहून आलं. भाच्याने ते मोठ्याने वाचलं.

ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने चार स्क्रू काढले, वाळून खडखडीत झालेली पेस्ट बोटाने पुसली आणि चिप माझ्यापुढे धरली. जीएफ११६. म्हणजे २०११ चं जीटीएक्स ५५० टीआय. १,२८० कोअरच्या जागी १९२. बायॉस, म्हणजे कार्डातला स्वतःची ओळख सांगणारा प्रोग्राम, बदलून १०६० चं नाव चढवलेलं. वीज ११६ वॅट, वायरही १०६० सारखी सहा पिनचीच, त्यामुळे तिथेही शंका यायला जागा नाही. "साहेब, महिन्याला दोन-तीन तरी येतात असे," म्हणाला, आणि २०० घेतले.

पोलीस ठाण्यात गेलो. "ग्राफिक म्हणजे फोटोचं का?" इथून सुरुवात. पाऊण तास समजावल्यावर, "बिल आहे?" जुन्या मालाचं बिल कुठून आणू? "मग तुमचं होतं हे कशावरून?" अहो, माझं आहे अशी तक्रारच नाही, ते खोटं आहे अशी तक्रार आहे! शेवटी म्हणाले, ती वडापावची गाडी रस्त्याच्या पलीकडे, म्हणजे शेजारच्या ठाण्याची हद्द. शेजारच्या ठाण्यात गेलो, तर व्यवहार फोनवर ठरला तेव्हा तुम्ही घरी होता ना, मग घराजवळच्या ठाण्यात जा. फसवणुकीच्या कलम चारशेवीसचं १ जुलै २०२४ पासून ३१८ झालं, हद्द न बघता तक्रार घ्यावी असं नव्या संहितेत लिहिलंय, हे मी म्हणालो तर "वकील आहात का?" अर्जाच्या प्रतीवर शिक्का मिळवायला तीन फेऱ्या आणि दोन अर्ध्या रजा. त्या रजा मी ९,०५० मध्ये धरलेल्या नाहीत. बँकेने सांगितलं, पिन तुम्हीच टाकलात. आणि ऑनलाइन गेले फक्त ५००, उरलेले ६,००० रोख, म्हणून सायबरचं प्रकरणही धड होईना. यूपीआयने सगळे दिले असते तर निदान लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून काही हालचाल झाली असती. तेव्हा रोख देऊ नका. ३०० रुपये कमी करतो म्हणाला तरी नाही.

आणि कार्ड चालू पीसीत, तुमच्या डोळ्यांसमोर, तुमच्या पेनड्राइव्हवरच्या जीपीयू-झेडने तपासल्याशिवाय पाकीट खिशातून काढायचं नाही. स्टेशनाबाहेर म्हणाला तर जायचंच नाही. घरी आजारी माणूस असेल तर तो बरा होईपर्यंत थांबा.

एक मूर्खपणा सांगायचा राहिला. फसवणूक कळल्याच्या रागात मी त्याला भलामोठा मेसेज पाठवला होता. निळं पोर्ट, सोनेरी दात, सगळं मुद्देसूद. उत्तर आलं नाही, नंबर बंद झाला. काल वेगळ्या नावाने १०६० ची जाहिरात दिसली, ७,२०० ला. टेबलावर त्याच्या जुन्या जाहिरातीतलंच फुलाफुलांचं प्लास्टिक. कार्ड आडवं धरलंय, आणि निळ्या पोर्टावर अंगठा ठेवलाय.