कानाचं मशीन, जाड चष्मा आणि चपलांच्या खोक्यांचं कॅलेंडर: नऊ महिन्यांनंतर

मशीन फेब्रुवारीत घेतली, आता नोव्हेंबर चालू आहे. मधे अख्खा पावसाळा गेला, गणपती गेले, शाळा सुरू झाली, म्हणून आता लिहितेय. घेताना मी खूप शोधलं, पण जे मिळालं ते एकतर फक्त कानाचं नाहीतर फक्त डोळ्यांचं. आमच्या मनूचं दोन्ही आहे. वय सहा. मला गरोदरपणात रुबेला झाला होता, तिला जन्मापासून दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ते तान्हेपणीच काढले, त्यामुळे जाड प्लस नंबरचा चष्मा, आणि दोन्ही कानांनी खूपच कमी ऐकू येतं. (घरात लहान मूल असेल तर एमआरची, म्हणजे गोवर-रुबेलाची लस चुकवू नका, हे मी भेटेल त्याला सांगते.)

पहिली अडचण आम्हाला कुणीच सांगितली नव्हती. कानामागे जागा केवढी असते पोराच्या, तिथे मशीनपण बसणार आणि चष्म्याची काडीपण. चष्मा सरकला की मशीन ओढलं जायचं, मग मोल्ड, म्हणजे कानाच्या मापाने बनवलेला आत बसणारा भाग, सैल, मोल्ड सैल झाला की आवाज बाहेर गळून परत मशीनच्या माइकमधे जातो आणि शिट्टी वाजते, शिट्टी वाजली की मनू दोन्ही काढून फेकायची. दोन आठवडे रोज हेच. कानाच्या मॅडमकडे गेलो की त्या कान बघायच्या, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे डोळे, दोघंही मनापासून बघायचे पण पोरगी तर एकच आहे ना. शेवटी चष्मेवाल्याकडून काड्या काढून डोक्यामागून इलॅस्टिकचा पट्टा लावून घेतला, आणि मोल्डची नळी मनूने चष्मा घातलेला असतानाच मापून कापून घेतली. तेव्हापासून शिट्टी जवळजवळ बंद. आता वाजली की समजते, कान वाढलाय, नवीन मोल्ड करायची वेळ झाली. नऊ महिन्यांत दोनदा केला.

टेस्टबद्दल थोडं सविस्तर सांगते कारण आमचं दीड वर्ष त्यात गेलं. आधी जिथे जायचो तिथे आवाज दिला की बाजूला ठेवलेलं खेळणं लाइट लागून हलायचं, मूल आवाजाकडे वळलं की ते दाखवायचे. आता मनूला तेवढ्या लांबचं खेळणं दिसतच नव्हतं, मग वळून तिला मिळणार काय? ती वळायची नाही आणि कागदावर यायचं की ऐकू आलं नाही. यावेळी मी हट्टच धरला. तिच्या हातात ठोकळा दिला, आवाज आला की डब्यात टाकायचा. ग्राफ वेगळा आला! मशीनचं सेटिंग त्यावरून केलंय आणि ‘मनू’ म्हटलं की ती मान वर करते, पाठमोरी असली तरी. डोळ्यांचा त्रास असलेलं मूल टेस्टला नेत असाल तर बसायच्या आधीच सांगा की याला किती लांबचं दिसतं.

मशीनबरोबर एक छोटा माइक घेतला, तो बोलणाऱ्याच्या गळ्यात अडकवायचा आणि आवाज थेट मशीनमधे जातो. महाग आहे, सासऱ्यांनी अर्धे पैसे घातले. पण भांडुप ते दादर लोकलमधे दिव्यांगांच्या डब्यात बसल्यावर एवढ्या खडखडाटात माझा आवाज तिच्यापर्यंत पोचतो, तेव्हा वाटतं घेतला ते बरं केलं. शाळेत मात्र पहिले दोन महिने तो कपाटात पडून होता, मला कळलं तेव्हा खूप वाईट वाटलं. मग मी स्वतः वर्गात जाऊन बाईंच्या गळ्यात घालून दाखवला, आता रोज वापरतात.

पावसाळा मुंबईतला, म्हणजे मशीनचा शत्रूच. नळीत दमटपणाचे थेंब जमतात आणि आवाज अडतो. रात्री सेल काढून, झाकण उघडं ठेवून मशीन सिलिका जेलच्या डबीत, एकही रात्र न चुकता. आमचे सेल निळ्या स्टिकरचे, ६७५ नंबर. ते हवेवर चालतात, म्हणून स्टिकर काढल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून मगच घालायचे, आणि एकदा काढलेलं स्टिकर परत चिकटवून सेल वाचत नाही. सेलच्या झाकणाला लॉक असलेलंच मशीन मागा, पोराने सेल गिळला तर फार धोक्याचं असतं.

आता ज्याला सगळ्यात कमी पैसे लागले आणि ज्याने सगळ्यात जास्त बदल झाला ते. चपलांची चार रिकामी खोकी एका ओळीत फळीवर चिकटवली, हेच तिचं कॅलेंडर, पुढे कोणतं काम आहे ते वस्तूवरून कळतं. पहिल्यात आंघोळीचा मग, दुसऱ्यात चमचा, तिसऱ्यात शाळेच्या दप्तराच्या पट्ट्याचा तुकडा, चौथ्यात उशीच्या अभ्र्याचा. मनू वस्तू हातात घेते, ते काम होतं, मग वस्तू ‘झालं’च्या टोपलीत. आमच्या थेरपिस्ट ताईंनी शिकवलं, नेदरलँड्समधे यान व्हान डाइक म्हणून होते त्यांनी रुबेलाच्या मुलांबरोबर काम करताना अशा पद्धती घडवल्या असं त्या म्हणाल्या. आधी रोज सकाळी आंघोळीला नेताना रडारड, कारण तिला एकदम कुणीतरी उचलून नेतंय एवढंच कळायचं. तिसऱ्या आठवड्यात रडणं थांबलं. जुलैमधे एकदा दुपारी तिने स्वतःहून चमचा काढून माझ्या हातात ठेवला, भूक लागली होती तिला, जेवणाला वेळ होता तरी मी लगेच वाढलं.

ताईंनी अजून एक सवय लावली. तिचा हात धरून करवून घ्यायचं नाही, आपला हात तिच्या हाताखाली ठेवायचा, म्हणजे तिला वाटेल तेव्हा ती हात काढू शकते. आजी आधी बांगड्यांना हात लावू देते, बाबा घड्याळाला, म्हणजे कोण आलंय ते तिला कळतं, मग मांडीवर घेतात. आणि पांढरा भात चकाकत्या स्टीलच्या ताटात तिला नीट दिसत नव्हता, गडद निळी ताटली आणली तर स्वतः जेवते. बोलताना मी खिडकीकडे पाठ करून उभी राहायचे, उजेड मागून आला की तिला माझा चेहरा काळाच दिसणार, आता उजेड माझ्या तोंडावर पडेल अशी बसते.

कागदपत्रांचं थोडक्यात. आमच्या पहिल्या दिव्यांग सर्टिफिकेटवर फक्त कानाचं लिहिलं होतं, परत अर्ज करून दोन्ही लिहून घेतलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बहुविकलांगतेत बधिरांधत्वाचं, म्हणजे कान आणि डोळे दोन्हींच्या त्रासाचं, नाव स्पष्ट आहे, तेच दाखवलं. मशीनसाठी केंद्र सरकारची एडिप योजना आहे, वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग संस्थेत चौकशी करा. आणि दोन्ही त्रास असलेल्या मुलांसाठी मुंबईत हेलन केलर संस्था १९७७ पासून आहे, आम्हाला हे पाच वर्षांनी कळलं.

तक्रार एकच राहिलीय. काडी नसलेल्या चष्म्याचा पट्टा घामाने लवकर सैल होतो आणि तसा पट्टा प्रत्येक दुकानात मिळत नाही, म्हणून मी एकदम तीन घेऊन ठेवते. कुणाला दादर-परळ भागात धुता येणारा, मऊ पट्टा मिळाला असेल तर दुकान नक्की सांगा.