ॲबोरिजिनल पेंटिंग घ्यायचंय: आर्ट सेंटर, फेअर, गॅलरी की टुरिस्ट दुकान?

मेलबर्नहून मावसबहिणीचा फोन आला, ताई तू डार्विनला राहतेस ना मग सांग, नवीन घराच्या हॉलची एक भिंत मोकळी आहे तिथं ॲबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांचं, पेंटिंग लावायचंय, बजेट आठशे डॉलर, शिवाय डिसेंबरात पुण्याला जाताना सासरच्या पाच-सहा जणांना त्यातलंच काहीतरी छोटं न्यायचंय, आणि पैसे खरंच त्या आर्टिस्टपर्यंत पोचले पाहिजेत, मधल्यामध्ये कोणी खायला नको. इकडे माझं दूध उतू जात होतं त्यामुळे फोनवर धड काही सांगता आलं नाही, आणि हाच प्रश्न इथल्या अजून बऱ्याच मराठी लोकांनी मला विचारलाय म्हणून लिहूनच काढते.

आधी मी काय माती खाल्ली ते. आई-बाबा पहिल्यांदा आले तेव्हा एका टुरिस्ट दुकानातून चार बूमरँग घेतले, पंधरा डॉलरला एक, ठिपके, कांगारू, मागे 'हँड पेंटेड' लिहिलेलं. मी खूश. रात्री बाबांनी चष्मा लावून चारही एका ओळीत टेबलावर मांडले आणि शांतपणे म्हणाले, कांगारूची शेपटी चौघांवर अगदी एकाच जागी वळलीये गं. उलटंपालटं करून बघितलं तर कोणी केलं त्याचं नाव नाही, कुठल्या गावचं ते नाही, नुसता बारकोड आणि वॉर्निशचा वास. ते चारही अजून माळ्यावर पडलेत, कोणाला द्यायची हिंमत झाली नाही.

हे फक्त माझ्याच बाबतीत झालं असं नाहीये. बिरूबी आर्ट नावाच्या होलसेल कंपनीने २०१५ ते २०१७ मध्ये १८,००० च्या वर बूमरँग, डिजरीडू (फुंकून वाजवायचं लांब लाकडी वाद्य) वगैरे विकले, माल सगळा इंडोनेशियात बनलेला, आणि फेडरल कोर्टाने २०१९ मध्ये २३ लाख डॉलरचा दंड ठोकला, पण तोवर कंपनी लिक्विडेशनमध्ये गेलेली. आणि गंमत बघा, दंड नकली वस्तू विकल्याचा नव्हता, ग्राहकाची दिशाभूल केल्याचा होता. 'ॲबोरिजिनल लोकांनी केलंय' असं भासवलं नसतं तर तोच माल बिनधास्त विकता आला असता. २०२२ मध्ये सरकारच्या प्रॉडक्टिव्हिटी कमिशनचा रिपोर्ट आला त्यात स्पष्ट म्हटलंय की अशा सुव्हेनिअरवर लोक जो पैसा खर्च करतात त्यातला निम्म्याहून जास्त नकली मालावर जातो. आपल्याला हे काही नवीन नाही म्हणा, वारलीला २०१४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला तरी सुरतेच्या मिलमधून निघालेल्या कुर्तीवर तारपा वाजवणारा माणूस असतोच की, आणि पालघरच्या पाड्यावर त्याचा एक रुपयाही जात नाही.

तर टुरिस्ट दुकान हा ऑप्शन मी सरळ काटते. एकच अपवाद, वस्तूवर आर्टिस्टचं नाव, कम्युनिटीचं (म्हणजे ॲबोरिजिनल लोकांच्या गावाचं) नाव आणि लायसन्सची माहिती छापलेली असेल तर. त्यावर खाली येते.

आता खरा मुकाबला, आर्ट सेंटर की शहरातली गॅलरी.

आर्ट सेंटर म्हटलं की आपल्या डोक्यात शनिवारचा ड्रॉइंग क्लास येतो, तसं नाही. ही कम्युनिटीच्या मालकीची संस्था असते, बोर्डावर ॲबोरिजिनल लोकच असतात, मॅनेजर बहुतेक वेळा बाहेरून नेमलेला. कॅनव्हास ताणून, प्रायमर मारून, रंग मिसळून आर्टिस्टला देणं, पेंटिंग झालं की फोटो काढून नंबर टाकणं, गोष्ट लिहून घेणं, पॅक करून पाठवणं, पैसे वाटणं, आणि मधल्या वेळात कोणाला क्लिनिकला सोड, कोणाचा सरकारी फॉर्म भरून दे, हे सगळं तिथंच. हे सेंटर बंद पडलं तर कितीतरी गावांत दुसरा म्हणावा असा रोजगारच नाही. विकल्यावर वाटणी बऱ्याच ठिकाणी साठ टक्के आर्टिस्ट आणि चाळीस टक्के सेंटर अशी असते, थोडं इकडं तिकडं.

हे चाळीस टक्के ऐकून माझा नवरा म्हणाला, एवढं कमिशन? मग त्याला पापुन्याची गोष्ट सांगितली. देशाच्या मधोमध ॲलिस स्प्रिंग्ज शहर, त्याच्या पश्चिमेला पापुन्या गाव, १९७१ मध्ये तिथल्या शाळेत जेफ्री बार्डन नावाचा मास्तर आला, गावातल्या वडीलधाऱ्यांनी शाळेच्या भिंतीवर मधाच्या मुंगीचं चित्र काढलं, तिथून आज आपण ज्याला डॉट पेंटिंग म्हणतो ते सुरू झालं, आणि १९७२ मध्ये पापुन्या तुला ही आर्टिस्टांच्या मालकीची कंपनी निघाली. पुढं झालं काय की तिकडच्या पिंतुपी जमातीच्या लोकांमध्ये किडनीचा आजार फार, डायलिसिससाठी किंटोर या त्यांच्या गावाहून पाचशेच्या वर किलोमीटर लांब ॲलिसला येऊन राहायचं, म्हातारी माणसं घरापासून लांब झुरायची. तेव्हा २००० साली आर्टिस्टांनी मिळून मोठी पेंटिंग्ज काढली, सिडनीत लिलाव झाला, दहा लाख डॉलरच्या वर जमले, आणि त्यातून किंटोरमध्येच डायलिसिस सुरू झालं, ती संस्था आज पर्पल हाऊस म्हणून ओळखतात. यावर नवऱ्याने कमिशनचा विषय परत काढला नाही.

गॅलरीत काय होतं, आर्ट सेंटरने पाठवलेलं पेंटिंग कन्साइनमेंटवर (म्हणजे विकलं गेल्यावरच पैसे द्यायचे अशा बोलीवर) ठेवलेलं असेल तर गॅलरी आपला हिस्सा आधी कापते, साधारण चाळीस टक्के धरा, आणि उरलेले सेंटर आणि आर्टिस्टमध्ये वाटले जातात. म्हणजे हजाराच्या पेंटिंगमागे सेंटरमधून घेतलं तर आर्टिस्टला सहाशेच्या आसपास, गॅलरीतून घेतलं तर साडेतीनशे-चारशे. पण म्हणून गॅलरीवाला लुटारू असं मी म्हणणार नाही. चांगली गॅलरी एकेका आर्टिस्टचं सोलो प्रदर्शन लावते, कॅटलॉग काढते, म्युझियमवाल्यांना बोलावते, त्यातून पुढच्या पेंटिंगचा भाव वाढतो, आणि तो वाढलेला भाव आर्टिस्टलाही मिळतो. तुमचं बजेट पाच-दहा हजार असेल आणि समोर उभं राहून मोठं काम बघून घ्यायचं असेल तर गॅलरीच बरी. आठशेमध्ये गॅलरीचा काही उपयोग नाही.

गॅलरीत गेलातच तर लाजू नका, सरळ विचारा, आर्टिस्ट कोण, कुठल्या कम्युनिटीचा, हे तुमच्याकडं कुठल्या सेंटरमार्फत आलं, त्याला पैसे कसे आणि कधी दिले. आणि इंडिजिनस आर्ट कोडचे, म्हणजे आर्टिस्टशी सचोटीने व्यवहार करायच्या नियमावलीचे, मेंबर आहात का? तो ऐच्छिक आहे, सक्ती नाही, पण मेंबर असलेला दुकानदार उत्तर देताना अडखळत नाही. एक गोष्ट फसवी असते, आर्टिस्ट पेंटिंग हातात धरून बसलाय असा फोटो. लोकांना तो फार मोठा पुरावा वाटतो. त्या फोटोवरून एवढंच कळतं की फोटो काढताना माणूस तिथं होता, त्याला हजार मिळाले की जुनी गाडी आणि दोनशे रोख, ते कळत नाही. असे धंदे करणाऱ्यांना इकडं कार्पेटबॅगर म्हणतात, यांच्यावर २००७ मध्ये सेनेटची चौकशी झाली आणि त्यानंतरच तो कोड आला. खरा पुरावा म्हणजे आर्ट सेंटरचं सर्टिफिकेट आणि कॅनव्हासच्या मागे लिहिलेला तोच कॅटलॉग नंबर, दोन्ही जुळले पाहिजेत.

जुनं, लिलावातलं घेणारे पण असतात. २०१० पासून रीसेल रॉयल्टी आहे, हजार डॉलर किंवा जास्तीला परत विकलं तर पाच टक्के आर्टिस्टला किंवा त्याच्या वारसांना, काही अटी आहेत. चित्रकार क्लिफर्ड पॉसमचं 'वार्लुगुलाँग' नावाचं पेंटिंग सत्तरच्या दशकात एका बँकेने १,२०० डॉलरला घेतलं होतं आणि २००७ मध्ये ते २४ लाखांना गेलं, रॉयल्टीचा कायदा तेव्हा नव्हता, पॉसम स्वतः २००२ मध्येच वारलेला. तर पाच टक्के म्हणजे अगदीच काही नाही असं नाही, पण गावातल्या माणसाला आज हातभार लावायचा असेल तर नवीनच घ्या.

मग आर्ट सेंटरमधून घ्यायचं कसं, तिथं जाणार कोण? युएंडुमू ॲलिसपासून तीनशे किलोमीटर आत, काही कम्युनिटीत जायला परमिट लागतं, आणि डिसेंबर-जानेवारीत बरीच सेंटर बंदच असतात. पण जायची गरज नाही. युएंडुमूचं वार्लुकुर्लांगू आर्टिस्ट्स १९८५ पासून आहे, त्यांच्या साइटवर साइजप्रमाणे, आर्टिस्टप्रमाणे लावलेलं सगळं दिसतं, छोटं तीस बाय तीस सेंटिमीटरचं शंभर-दोनशेच्या आसपास मिळतं, आठशेत हॉलला शोभेल असं मधल्या साइजचं येतं. कॅनव्हास गुंडाळून ट्यूबमध्ये येतो, तो स्ट्रेच करायचा खर्च वेगळा, तो बजेटमध्ये आधीच धरा, सगळे इथंच फसतात. ऑनलाइनचा तोटा एकच, रंग स्क्रीनवर वेगळे दिसतात. आमच्याकडं जे केशरी मागवलं ते आलं तेव्हा चक्क झेंडूसारखं निघालं, आता आवडतं.

आणि ठिपके नाहीत म्हणजे खरं नाही हे डोक्यातून काढा. ठिपके वाळवंटातले. उत्तरेच्या आर्नेम लँड भागात झाडाच्या सालीवर बारीक आडव्या-तिरप्या रेघांचं काम, यिर्कालाच्या बुकू-लारंगाय सेंटरचं बघा, तिवी बेटांवरचं आणखी वेगळं, आणि हर्मन्सबर्गला तर जलरंगातले डोंगर, ती चित्रकार अल्बर्ट नामात्जिराची परंपरा. त्याच्या चित्रांचा कॉपीराइट १९८३ मध्ये सरकारी ट्रस्टीने फक्त ८,५०० डॉलरला एका कंपनीला विकून टाकला होता आणि तो घरच्यांना २०१७ मध्ये परत मिळाला. नातवंडं-पतवंडं आजही ॲलिसच्या इल्त्या न्तजारा सेंटरमध्ये बसून रंगवतात.

फेअर हा माझा लाडका ऑप्शन, हे आधीच सांगते म्हणजे पार्शालिटी केली म्हणू नका. डार्विन ॲबोरिजिनल आर्ट फेअर, २००७ पासून, दरवर्षी ऑगस्टमध्ये, सत्तरच्या वर आर्ट सेंटर एका छताखाली आणि विक्रीचे सगळेच्या सगळे पैसे सेंटरला, फेअर कमिशन घेत नाही. ॲलिसला सप्टेंबरमध्ये डेझर्ट मॉब, ॲडलेडला ऑक्टोबरमध्ये तारनांथी, केर्न्सला जुलैमध्ये एक. सेंटरच्या साइटपेक्षा इथं फायदा म्हणजे रंग डोळ्यांनी दिसतो, हात लावता येतो, बऱ्याचदा करणारी बाई स्वतः स्टॉलमागे बसलेली असते. तोटा म्हणजे तिकीट आणि हॉटेल. मेलबर्नहून चार जणांनी विमानाने यायचं तर पेंटिंगचे पैसे विमानातच जातील, त्यापेक्षा ऑनलाइन घ्या, म्हणजे तेच आठशे सरळ सेंटरला जातील.

गेल्या वेळी त्यान्पी डेझर्ट वीव्हर्सच्या स्टॉलवर अर्धा तास गेला माझा. त्यान्पी म्हणजे कोरडं गवत, १९९५ मध्ये वाळवंटातल्या बायकांच्या एनपीवाय विमेन्स कौन्सिलने हे सुरू केलं, आता चारशेवर बायका विणतात. गवताची जुडी वळवत वळवत राफियाने, लोकरीने टाचत नेतात, मध्येच एमूचं पीस. मी उचललेल्या टोपलीचा तळ घट्ट, पहिल्या पाच-सहा फेऱ्या पावडरच्या डब्यासारख्या गोल आणि मग एका बाजूने जरा उंच, जणू विणता विणता ती कोणाशी तरी बोलायला वळली. वास पावसाआधीच्या शेतासारखा. चिठ्ठीवर बाईचं नाव, गावचं नाव. याच बायकांनी २००५ मध्ये अख्खी टोयोटा गाडी गवताची विणून देशातलं ॲबोरिजिनल आर्टचं सगळ्यात मोठं बक्षीस मारलं होतं. टोपली घेऊन माझ्यातली पुणेरी जागी झाली आणि दोन घेतल्या तर कमी कराल का असं तोंडातून निघून गेलं, पोरीने हसून मान हलवली, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घासाघीस करू नका, प्लीज.

आता पुण्याच्या गिफ्टा. पाच-सहा जणांना ओरिजिनल द्यायचं तर दिवाळं निघेल. इथं दोन ऑप्शन. एक म्हणजे लायसन्स्ड वस्तू, कॉफीचे मग, टी टॉवेल, कुशन कव्हर, डिझाइन आर्टिस्टचं आणि तिला प्रत्येक नगामागे रॉयल्टी. रॉयल्टी म्हणजे विक्रीचा छोटासा भाग, त्यामुळे शंभर डॉलरच्या टॉवेलांपेक्षा शंभरचं छोटं कॅनव्हास आर्टिस्टला कितीतरी जास्त देतं, पण टुरिस्ट दुकानातल्या बूमरँगपेक्षा लाखपटीने बरं. यातली मजेशीर म्हणजे ॲडलेडच्या बेटर वर्ल्ड आर्ट्सची लोकरी कुशन कव्हरं, डिझाइन ॲबोरिजिनल आर्टिस्टांचं आणि भरतकाम काश्मिरी कारागिरांचं. मी एक मोठ्या आत्याला दिलं, तिने उलटं करून टाका बघितला आणि म्हणाली, अगं हा तर काश्मिरी साखळी टाका, एवढ्या लांबून आमचंच आणलंस होय! मग आर्टिस्टचं नाव आणि गोष्ट वाचून दाखवल्यावर तिने ते कोचावर न ठेवता कपाटात जपून ठेवलं.

दुसरा ऑप्शन मला जास्त पटतो, कापड. मानिंग्रिडाचं बाब्बारा विमेन्स सेंटर, गनबलान्याचं इंजलाक, तिवी डिझाइन, हे हाताने स्क्रीन प्रिंट करून मीटरवर कापड विकतात. डिझाइन गावचं, छापणारे हात गावचे, पैसे गावात. बॅगेत काचेसारखं फुटत नाही, वजन नाही. स्वस्त नाही हं, दोन-अडीच मीटर घेऊन कुर्ता शिवायचा म्हटलं तर हिशोब बघूनच घ्या, पण अर्ध्या-अर्ध्या मीटरचे तुकडे घेऊन फ्रेम केले किंवा टेबल रनर केले तर पाच जणांचं भागतं. वहिनीने तिच्या तुकड्याची बटव्याची जोडी शिवली, मला सुचलंही नसतं.

डिजरीडू मात्र नका नेऊ. खरं डिजरीडू, आर्नेम लँडच्या योलंगू लोकांच्या भाषेत यिडाकी, वाळवीने आतून पोखरलेल्या निलगिरीच्या खोडाचं असतं, जड, महाग आणि योलंगू लोकांसाठी त्याचे स्वतःचे नियम आहेत. दुकानातलं रंगवलेलं बांबूचं कोपऱ्यात धूळ खात पडतं.

मावसबहिणीने शेवटी वार्लुकुर्लांगूच्या साइटवरून एक लांबट पेंटिंग घेतलं, साडेपाचशेला, उरलेल्यातून स्ट्रेचिंग आणि बाब्बाराचं कापड. काल परत फोन, ताई यात वर कुठलं आणि खाली कुठलं तेच कळत नाहीये, सर्टिफिकेटवरचा फोटो आडवा आहे आणि भिंत उभी. म्हटलं अगं, वाळवंटातली कितीतरी पेंटिंग्ज कॅनव्हास जमिनीवर पसरून चारी बाजूंनी फिरून काढतात, वरून जमीन बघितल्यासारखी, तुला हवं तसं लाव. तर आता ते उभं लागलंय आणि नवरा म्हणतोय आडवंच बरं दिसत होतं.