मोरोक्कोतल्या मराकेशहून ॲटलास पर्वतातली बर्बर खेडी, एका दिवसात: आठ महिन्यांनंतरचं मत

निकाल आधीच सांगून टाकतो. जाहिरातीत दऱ्या जितक्या जास्त, तितकं पायी फिरणं कमी. ऑक्टोबर ते मे या काळात ही सहल दोन्ही तऱ्हांनी करून झाली: मिनीबसमधली ‘तीन दऱ्या’वाली आणि फक्त इमलील या डोंगरातल्या गावाची. पहिलीत नऊ तासांपैकी चालणं जेमतेम तासभर. बाकी वेळ गाडीत, उंटावर आणि आर्गन तेलाच्या दुकानात. आर्गनची झाडं एसाविरा आणि सूसच्या पट्ट्यातली; इमलीलच्या वाटेवर दिसतात ते अक्रोड, सफरचंद आणि चेरी. तेव्हा हा थांबा कशासाठी ते ओळखा.

मराकेश ते इमलील सुमारे ६५ किलोमीटर, दीड तास. मुलाय ब्राहिमच्या घळीत वळणं सुरू होतात आणि आस्नीनंतरचे शेवटचे १७ किलोमीटर अरुंद रस्त्याचे. गाडी लागत असेल तर अ‍ॅव्होमिन निघण्याआधी घ्या, वळणं लागल्यावर घेऊन उपयोग नाही. इमलील १७४० मीटरवर आहे. कळसूबाई १६४६! गाडीतून उतरतानाच तुम्ही महाराष्ट्राच्या माथ्याच्या वर असता. त्यामुळे पहिल्या चढाला दम लागला तर लाजू नका.

इमलीलहून आरुम्द हे गाव तासाभराच्या चढावर, साधारण १९०० मीटर. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना हे फारच थोडं वाटेल. त्यांनी तिझी न्तामातेर्त ही २२७९ मीटरची खिंड मागावी, चढायला दोनेक तास. डिसेंबर ते मार्च सावलीतल्या वाटेवर बर्फ गोठून काच होते आणि गुळगुळीत तळाचे स्नीकर्स तिथेच दगा देतात. वसंतात वितळलेल्या बर्फाचं पाणी पाटांतून खळाळतं, तेव्हाचं गाव सगळ्यात देखणं.

पैसे भरण्याआधी दोन प्रश्न विचारा. चालणं किती तास? आणि गाईड गावातला आहे की ड्रायव्हरच बोलणार? ड्रायव्हर गाडी लावून सावलीत बसतो, त्याच्याकडून माहितीची अपेक्षा ठेवू नका. तुबकाल शिखराच्या (४१६७ मीटर) वाटेने पुढे जायचं असेल तर परवानाधारक गाईड लागतो आणि चौकीवर पासपोर्ट पाहतात. मूळ प्रत जवळ ठेवा, मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका.

जेवणाचा घोळ शाकाहारी मंडळींचाच होतो. ताजीनमध्ये (शंकूसारख्या झाकणाचं मातीचं भांडं) मांस तळाशी असतं आणि त्यावर गाजर, बटाटा, दुधी भोपळ्याच्या जातीच्या भाज्या शंकूसारख्या रचतात. झाकण उघडल्यावर वरून दिसतात फक्त भाज्या. शिवाय हे भांडं निखाऱ्यावर तास-दीड तास मंद शिजतं, म्हणून जेवायला बसल्यावर सांगून काही होत नाही. सकाळी गाडीत बसतानाच ‘ब्ला ल्हम’ (मांसाशिवाय) सांगा आणि रस्साही मांसाचा नको हे वेगळं सांगा. तिखट पूड सोबत असू द्या. जिरं-आल्याची चव आहे, पण झणका नाही.

घरातला चहा मात्र चुकवू नका. गोळीसारखी वळलेली हिरवी चहापत्ती आधी गरम पाण्याने खळबळून घेतात, मग पुदिना आणि साखरेचे खडे. पहिला पेला भरून परत किटलीत ओततात, साखर सारखी मिसळावी म्हणून. तो तुमच्यासाठी नसतो, हात पुढे करू नका.

‘बर्बर’ हा शब्द मराठीत रानटी या अर्थाने कानावर असतो. ही माणसं स्वतःला अमाझिग म्हणवतात, बोली ताशलहित, आणि मोरोक्कोच्या २०११ च्या राज्यघटनेत अमाझिग ही अधिकृत भाषा आहे. ‘अझुल’ म्हणून नमस्कार केला, ‘तानमिर्त’ म्हणून आभार मानले की चेहरे खुलतात. ८ सप्टेंबर २०२३ च्या ६.८ तीव्रतेच्या भूकंपात या भागातली माती-दगडाची घरं कोसळली. पडक्या भिंतींचे फोटो काढण्याआधी विचारा. बायकांचे तर विचारूनही सहसा नाहीच.

रोख दिरहम मराकेशमध्येच काढून ठेवा, सुट्टे विशेषतः: खेचरवाला, चहा, बक्षिसी, सगळं हातात. शनिवारी आस्नीचा बाजार भरतो, रस्ता तुंबतो, पण तो पाहण्यासाठी अर्धा तास जास्त गेला तरी हरकत नाही. आणि रमझानमध्ये मोरोक्को घड्याळ एक तास मागे घेतं. मोबाइल आपोआप बदलतो, हॉटेलच्या भिंतीवरचं घड्याळ बदलेलच असं नाही. त्या महिन्यात गाडीची वेळ आदल्या रात्री फोन करून पक्की करा, कारण मदिनेच्या, म्हणजे जुन्या शहराच्या, गल्ल्यांत गाडी शिरत नाही आणि जेमा एल-फ्ना चौकाच्या कोपऱ्यावर ती कुणासाठी थांबतही नाही.