पट्ट्यांचे एक्सएमएल करताना : पायथनच्या एलिमेंटट्रीचा वर्षभराचा अनुभव

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातील एका गूळ अडत दुकानाचा जमाखर्च मी सांभाळतो. सौदे आटोपले की दिवसभराच्या पट्ट्या (सौद्यांच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या) एका सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, जमा होतात. परंतु हिशेबाच्या सॉफ्टवेअरला त्या एक्सएमएल स्वरूपातच, म्हणजे प्रत्येक माहितीभोवती टॅग (नावाच्या खुणा) लावूनच, लागत असल्याने मधले काम पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतली एक छोटी स्क्रिप्ट करते. एक्सएमएल लिहिण्यासाठी ती आता पायथनमधली एलिमेंटट्री ही लायब्ररी (तयार कोडचा संच) वापरते.

पहिल्या हंगामात मी टॅग आणि मजकूर सरळ एकापुढे एक जोडत असे. ही पद्धत कोणालाही सुचेल अशीच आहे आणि ती चाललीही, ती एका खरेदीदाराच्या पेढीच्या नावात ‘&’ हे चिन्ह येईपर्यंत. एक्सएमएलमध्ये हे चिन्ह उघडे लिहिता येत नाही, त्यामुळे त्या एका नावापायी सॉफ्टवेअरने दिवसभराच्या सगळ्या पट्ट्या नाकारल्या आणि दोष शोधण्यात माझी संध्याकाळ गेली.

त्यानंतर मिनिडॉम हे पायथनमधलेच एक्सएमएलसाठीचे दुसरे साधन वापरून पाहिले. ते चुकत नाही, पण रव्यांची (गुळाच्या ढेपांची) संख्या, वजन, दर अशा प्रत्येक रकान्यासाठी घटक तयार करा, मजकुराची गाठ (नोड) तयार करा, मग एकात एक अडकवा, हा सोपस्कार फार होतो. एलिमेंटट्रीमध्ये तेच काम दोन ओळींत होते, आणि ‘&’ किंवा ‘<’ आल्यास योग्य बदल ती स्वतः करते. ती २००६ च्या २.५ आवृत्तीपासून पायथनसोबतच येते, म्हणून दुकानातल्या जुन्या संगणकावर वेगळे काही बसवावे लागले नाही. माझ्या लेखी हा तिचा सर्वांत मोठा गुण आहे.

खोडी मात्र आहेत. वजन आकड्याच्याच रूपात दिले, तर फाइल लिहिताना ती अडते. ते आधी मजकुरात बदलून द्यावे लागते. एन्कोडिंग (अक्षरे फाइलमध्ये कोणत्या सांकेतिक पद्धतीने साठवायची ते) सांगितले नाही, तर ‘गूळ’मधला ‘ग’ फाइलमध्ये ‘&#2327;’ असा उतरतो. हे नियमाला धरून असले, तरी पट्टी डोळ्यांनी तपासणाऱ्या माणसाच्या ते काय उपयोगाचे? यूटीएफ-८ हे एन्कोडिंग सांगितल्यावर अक्षरे नीट येतात, पण ही फाइल एक्सएमएल आहे असे सांगणारी माथ्यावरची घोषणा ओळ आपोआप येत नाही, ती वेगळी मागावी लागते. वाचनीय मांडणीसाठीचे ‘इंडेंट’ हे फंक्शन ३.९ आवृत्तीपासूनच उपलब्ध आहे.

एलएक्सएमएल ही पायथनसाठीची दुसरी लायब्ररी अधिक समर्थ साधन आहे, यात शंका नाही. सीडेटा विभाग (ज्यांतला मजकूर चिन्हे न बदलता जसाच्या तसा राहतो) लिहायचे असतील किंवा स्कीमानुसार (फाइलच्या रचनेच्या ठरलेल्या नियमांनुसार) फाइल पडताळायची असेल, तर ते वेगळे बसवण्याचे कष्ट जरूर घ्यावेत. दिवसाच्या दोन-तीनशे पट्ट्यांसाठी मला त्याची गरज भासली नाही. वर्षभराचा सगळा डेटा एकदम काढायचा झाल्यास एलिमेंटट्री संपूर्ण रचना मेमरीत धरून ठेवते, तेव्हा पायथनमधलाच एक्सएमएलजनरेटर हा वर्ग (क्लास) बरा, कारण तो ओळीमागून ओळ लिहून मोकळा होतो.

एका बाबतीत मात्र एलएक्सएमएलची शिस्त मला हवीशी वाटते. शेऱ्याच्या रकान्यात कोणी दुसरीकडून मजकूर चिकटवला आणि त्यासोबत न दिसणारे एखादे नियंत्रण चिन्ह आले, तर एलएक्सएमएल तिथल्या तिथे नकार देते. एलिमेंटट्री ते निमूटपणे लिहून टाकते आणि तक्रार येते ती पुढच्या सॉफ्टवेअरकडून. म्हणून शेरा पुढे पाठवण्यापूर्वी अशी चिन्हे गाळणारी एक ओळ मी स्क्रिप्टमध्ये स्वतःच घातली आहे.