न बोलणारीचं मौन: विपश्यना शिबिर कसं वाटलं

"तुला काय अवघड आहे? तू तशीही मूग गिळूनच बसतेस." विपश्यनेला, म्हणजे मौन पाळून ध्यान शिकायच्या दहा दिवसांच्या शिबिराला, जाते म्हटल्यावर आत्याचं पहिलं वाक्य. ऑफिसातल्या सरांनी तेच जरा सभ्य शब्दांत सांगितलं. मी अकरा वर्षं विम्याच्या कचेरीत आहे. दरवर्षी सहलीच्या बसमध्ये अंताक्षरीचा 'म' माझ्यापाशी आला की मला एकदम खिडकीबाहेरचा ऊस दिसायला लागतो. घुमी, एकलकोंडी, माणूसघाणी, सगळं म्हणवून घेऊन झालंय. त्यामुळे दहा दिवस बोलायला बंदी म्हटल्यावर वाटलं, चला, एकदाचा आपला विषय आला परीक्षेला.

इगतपुरीच्या धम्मगिरीत, जिथे १९७६ पासून शिबिरं चालतात, मला हव्या त्या तारखा भरल्या होत्या. म्हणून एका लहान केंद्रात गेले. अर्ज ऑनलाइन. राहण्या-जेवणाचे पैसे कुणी मागत नाही. शिबिर संपल्यावर ऐपतीप्रमाणे दान द्यायचं, तेही मनात आलं तर. फोन, पुस्तक, वही, पेन पहिल्याच संध्याकाळी जमा.

चारला घंटा, साडेचारला ध्यान, साडेसहाला नाश्ता, अकराला जेवण. संध्याकाळी पाचला चहा, चुरमुरे, एक केळं, की त्या दिवसाचं खाणं संपलं. जुन्या साधकांना, म्हणजे आधी शिबिर केलेल्यांना, तेव्हा फक्त लिंबूपाणी. भाजी-आमटी साधी, पण गरम. सात वाजता, ही शिबिरं सुरू करणाऱ्या गोएंकाजींचं रेकॉर्ड केलेलं प्रवचन. बोलणं मिश्किल आहे, दुखऱ्या गुडघ्यांनाही हसू येतं. त्यांचं पाली पठण मात्र पहाटेच्या झोपेत फार लांबतं, आणि आमच्या हॉलचा स्पीकर घरघरत होता. न्हाणीघरं कमी, रांग मोठी. खोली दोघींत. सोबतीण घोरायची, आणि हे तिला सांगायची सोय नाही. घोरण्याला मौन लागू नाही, हे मला दुसऱ्या रात्री समजलं.

आता मुद्द्याचं. तिथलं मौन नुसतं तोंडाचं नसतं. खाणाखुणा नाहीत, नजरानजरही टाळायची. तिसऱ्या दिवशी ताटं घासताना शेजारणीचा पेला माझ्या पायावर पडला. सवयीने माझं तोंड हसायच्या तयारीला लागलं, "असू दे हो, काही नाही" वालं. तिने खाली बघतच पेला उचलला, विसळला, गेली. मी तशीच उभी, अर्धवट हसू चेहऱ्यावर घेऊन. मग ते काढून ठेवलं. खरंच काढून ठेवल्यासारखं वाटलं. गाल दुखत होते हे तेव्हा लक्षात आलं. कॅन्टीनमध्ये शिरताना, लिफ्टमध्ये, मंगल कार्यालयाच्या दारात मी ते लावते. साठ बायका आजूबाजूला आणि एकीलाही माझ्याकडून काही नको होतं. मला माणसांचा कंटाळा आहे असं मी स्वतःच धरून चालले होते. माणसं तर इथेही होती, आणि मी मजेत होते.

आत मात्र मजा नव्हती. पहिले साडेतीन दिवस नुसता श्वास बघायचा, आनापान. बघायला बसले आणि अकरा वर्षांत न दिलेली उत्तरं एकेक करून आली. सरांना एक, नणंदेला चार, एका ग्राहकाला तर आख्खं भाषण. गप्प बसणारीच्या डोक्यात आकाशवाणी चोवीस तास चालू असते, हे आत्याला कुठे ठाऊक? चौथ्या दिवसापासून रोज तीनदा अधिष्ठान, म्हणजे तासभर हात-पाय न हलवता, डोळे न उघडता बसायचं. सहाव्या दिवशी मी गुडघ्यापायी रडले. आचार्यांना दुपारी बाराला भेटता येतं. मी एकदाच गेले, दोन वाक्यं बोलले, आवाज घोगरा निघाला.

माणसं मी पायांवरून ओळखत होते. निळ्या पट्ट्याच्या चपला, उजवीचा अंगठा तारेने बांधलेला. त्या चपला माझ्या पुढेच बसत. दहाव्या दिवशी मौन सुटलं आणि क्षणात अंगणात आठवडी बाजार भरला. मी बादली घेऊन मागच्या नळावर पळाले. निळ्या चपला तिथे आधीच चादर भिजवत होत्या.

"एक टोक धरता का?" त्या म्हणाल्या.

दोघींनी चादर पिळली. त्या जालन्याच्या, शिवणकाम करतात, हे वाळत घालेपर्यंत कळलं. पुढे फार काही बोललो नाही, आणि कुणाला अवघडल्यासारखंही झालं नाही.

पाचपैकी चार. एक गुण स्पीकरचा आणि रांगेचा कापला. अर्जात तब्येतीचे, मनाच्या आजाराचे, चालू औषधांचे प्रश्न असतात. ते खरे भरा, लपवून जायची ही जागा नाही. गजराचं साधं घड्याळ, टॉर्च आणि गुडघ्याखाली द्यायला जुनं पांघरूण न्या.

पुढच्या महिन्यात ऑफिसची सहल आहे, गणपतीपुळ्याला. मी जाणार आहे. खिडकीची जागा आधीच सांगून ठेवलीय, आणि अंताक्षरीत मला धरू नका हेही. सर म्हणाले, "बरं."