शेवटच्या काळाचे संदेश: एकच वेळापत्रक, की एकच चित्र पुन्हा पुन्हा?

बायबल अभ्यासगटात शेवटच्या काळाचा विषय घ्यायचा ठरला की पहिला पेच पडतो तो जोडणीचा. दानीएल, मत्तय २४, थेस्सलनीकाकरांस पत्रे आणि प्रकटीकरण यांचा एकमेकांशी मेळ कसा घालायचा? मुख्य वाटा दोन. पहिली सगळे उतारे एका वेळापत्रकात बसवते: मंडळीचे (म्हणजे विश्वासणाऱ्यांचे) स्वर्गात वर घेतले जाणे, सात वर्षांचे महासंकट, प्रभूचे आगमन, मग हजार वर्षांचे राज्य. ही मांडणी एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी या धर्मशिक्षकाच्या शिकवणीतून पुढे आली आणि १९०९ च्या स्कोफील्ड या टिपांसहित बायबलमुळे घरोघर पोहोचली. दुसरी वाट मानते की देवाचे राज्य आणि जुलमी सत्ता यांचा एकच झगडा हे उतारे निरनिराळ्या पिढ्यांपुढे ठेवतात, आणि नंतरचा लेखक आधीच्याचीच चित्रे उचलतो.

पुस्तके समोरासमोर उघडून बसलात तर फरक लवकर कळतो. दानीएल ७ मध्ये समुद्रातून चार पशू निघतात: सिंह, अस्वल, चार डोक्यांचा चित्ता, आणि दहा शिंगांचा भयंकर चौथा. आता प्रकटीकरण १३ पाहा. तिथे समुद्रातून एकच पशू येतो. अंग चित्त्याचे, पाय अस्वलाचे, तोंड सिंहाचे, शिंगे दहा. डोकी सात, आणि दानीएलच्या चौघांची डोकी मोजली तर तीही सातच भरतात. प्रकटीकरणाचा लेखक योहान याने चारही साम्राज्ये एका देहात कोंबली आहेत. त्याच्या वाचकांना रोम दिसत होता, आणि रोममध्ये त्यांना बाबेलपासूनची प्रत्येक सत्ता दिसावी, अशी ही रचना आहे. मला तरी ही या पुस्तकातली सर्वांत भेदक जागा वाटते.

कालावधीचेही तसेच. दानीएल ७:२५ मधले साडेतीन काळ प्रकटीकरणात कधी ४२ महिने, कधी १,२६० दिवस होऊन येतात; महिना ३० दिवसांचा धरला की हिशेब चोख जुळतो. वेळापत्रकवाले इथे दानीएल ९ आणतात: तिथल्या सत्तर सप्तकांतले (सात-सात वर्षांच्या गटांतले) शेवटचे सप्तक सात वर्षांचे, त्याचे अर्धे साडेतीन. ही त्यांची सर्वांत भक्कम बाजू, आणि ती मान्य करायलाच हवी. पण त्यासाठी एकोणसत्तराव्या आणि सत्तराव्या सप्तकात शतकानुशतकांची फट मानावी लागते, आणि ती फट मजकुरात कुठेच लिहिलेली नाही.

प्रकटीकरण सरळ क्रमाने वाचणेही अवघड जाते. त्यात संकटांच्या तीन माळा आहेत: सात शिक्के, सात कर्णे, सात वाट्या. सहाव्या शिक्क्याला तारे पृथ्वीवर पडतात, आकाश गुंडाळले जाते. दोन अध्यायांनंतर, चौथ्या कर्ण्याला, ताऱ्यांचा तिसरा हिस्सा अंधारतो. पडून गेलेले तारे पुन्हा अंधारणार कसे? शिक्के, कर्णे आणि वाट्या ही एकाच शेवटाकडे नेणारी तीन आवर्तने मानली की अडचण उरत नाही. देवाच्या लोकांवर चालून येणाऱ्या गोग आणि मागोग या शत्रूंचाही असाच प्रश्न आहे: यहेज्केल ३८-३९ मधली ही चढाई बरेच जण हजार वर्षांच्या आधी धरतात, तर प्रकटीकरण २०:८ हीच नावे त्या वर्षांच्या शेवटी घेते. मग दोन वेगळी युद्धे मानावी लागतात.

मत्तय २४ मात्र दोन्ही बाजूंची परीक्षा घेतो. ‘ओसाडी करणारा अमंगळ पदार्थ’ हे शब्द दानीएलचे. इ.स.पू. १६७ मध्ये अंतियुख एपिफानेस या ग्रीक वंशाच्या राजाने यरुशलेमचे मंदिर विटाळले तेव्हा ते एकदा खरे ठरले होते. येशू तेच शब्द पुढच्या संकटासाठी वापरतो, आणि लूक २१:२० मध्ये त्याच ठिकाणी सैन्यांनी वेढलेले यरुशलेम आहे. इ.स. ७० मध्ये रोमी सेनापती तीताने मंदिर पाडले. म्हणजे एकच वचन निदान दोनदा इतिहासात उतरले, आणि २ थेस्सलनीकाकरांस २:४ तेच चित्र घेऊन अजून पुढे बोट दाखवते.

दुसऱ्या वाटेचा धोकाही खरा आहे. सगळेच प्रतीक म्हणता म्हणता प्रभूचे येणेही प्रतीक होऊन बसते. १ थेस्सलनीकाकरांस ४ मध्ये पौल मेलेल्या प्रियजनांसाठी रडणाऱ्या माणसांचे सांत्वन करतो आहे. तिथे पुनरुत्थान खरे नसेल तर सांत्वनाला अर्थच राहत नाही. तिकडे आकड्यांवरून तारीख काढण्याचा मोहही महागात पडतो. दानीएल ८:१४ मधल्या २,३०० दिवसांची वर्षे धरून विल्यम मिलर या अमेरिकन उपदेशकाच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ला प्रभू येईल म्हणून वाट पाहिली, आणि कित्येकांची श्रद्धा त्या दिवशी मोडली. ‘तो दिवस आणि ती घटका कोणालाच ठाऊक नाही’ हे मत्तय २४:३६ त्यांच्याही बायबलात होते.

माझा कौल दुसऱ्या वाटेला आहे. अट एकच, आगमन आणि पुनरुत्थान अक्षरशः धरायचे. गट नवा असेल तर दानीएल ७ ने सुरुवात करा, मग ८, कारण तिथे मेदी-पारस आणि ग्रीस ही नावेच दिलेली आहेत आणि पशू म्हणजे राज्य हे पक्के होते. त्यानंतर मत्तय २४ आणि लूक २१ शेजारी ठेवून वाचा, मग थेस्सलनीकाकरांस, त्यानंतर प्रकटीकरण. दानीएल ९ सर्वांत शेवटी घ्या; ते आधी घेतले की अख्खा गट आकडेमोडीत अडकतो.