लंगोट, लोकरी चड्डी की डायपर: जांबोटीचं परडं आणि कागवाडचं अंगण

माझ्या धाकट्या बहिणीला सातवा महिना लागलाय. ती कागवाडला दिली आहे, मी जांबोटीकडच्या एका खेड्यात. परवा फोनवर तिनं विचारलं, "आक्का, लंगोट शिवून ठेवू की सरळ डायपर आणू? आणि तू लोकरीची चड्डी घालतीस म्हणे पोराला, ती काय भानगड आहे?" तेवढ्यात पोरगं उठलं आणि बोलणं अर्धवट राहिलं. उरलेलं इथं लिहितेय. दोघींचा जिल्हा एकच, बेळगाव, पण तिला जे सोयीचं पडेल ते मला पडत नाही. हाच फरक नीट मांडला तर इतरांनाही ठरवता येईल.

लोक भांडतात ते कापड चांगलं की डायपर यावर. मला वाटतं, भांडण चुकीच्या जागी चाललंय. सुती कापड शू शोषतंच, त्यात कुणाला शंका नाही. खरे प्रश्न दोन: त्या कापडावरून काय घालायचं, आणि धुतलेलं वाळणार कुठं.

पर्याय तसे चारच. पहिला, नुसता लंगोट. जुन्या सुती साडीचा किंवा धोतराचा, वरून काही नाही. आमच्या आईनं वडगावच्या घरात आम्हा तिघांना असंच वाढवलं. दुसरा, लंगोटावर पाणी न झिरपणारी चड्डी. पूर्वी रबरी किंवा प्लास्टिकची मिळायची. आता पॉलिएस्टरला आतून पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेली, बटणांची, रंगीबेरंगी चित्रांची मिळते. तिसरा, लंगोटावर लोकरी चड्डी. चौथा, वापरून टाकायचा डायपर.

आता वाळवणं. मलप्रभा उगवते ती कणकुंबी आमच्यापासून फार लांब नाही. तिथं वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि त्याच जिल्ह्यात अथणी-कागवाडकडे जेमतेम 500-600. माझं बाळ मे अखेरीस झालं. महिनाभर माहेरी निभावलं. इकडे आले आणि तरणा पाऊस (पुनर्वसूचा) लागला, पाठोपाठ म्हातारा (पुष्याचा). दहा-बारा दिवस झड थांबली नाही. परड्यातली दोरी नुसती गळत होती. न्हाणीच्या चुलीवर वलण बांधलं, डालगं उपडं घालून खाली निखारे ठेवले, सगळं केलं. बाळाच्या अंगाला धुराचा वास येत होता, तो एका अर्थी बराच म्हणायचा, कारण दुसरा वास कुबट होता.

त्या दहा दिवसांत एक गोष्ट पक्की शिकले. लंगोट उघडल्यावर एकपदरी झाला पाहिजे. मोठा चौकोन, घडी घालून वापरायचा, धुताना पूर्ण उलगडायचा. चुलीच्या उबेला तो रात्रीतून वाळतो. भेट आलेले चार-पाच पदरी शिवलेले जाड लंगोट तिसऱ्या दिवशीही मधे ओलेच होते. बांबूच्या धाग्याच्या गाद्या शोषतात भरपूर, पण वाळायला सगळ्यात हट्टी. मायक्रोफायबरच्या गाद्या लवकर वाळतात, मात्र बाळ बसलं की दाबानं शू बाहेर येते, आणि त्या थेट कातडीला लावायच्याही नसतात, कोरड पडते. ज्यांच्या अंगणात वर्षाचे आठ महिने कडक ऊन आहे, त्यांनी यातलं काहीही घ्यावं. आमच्या खानापूर तालुक्यात राहणाऱ्यांनी जुन्या साड्या फाडाव्यात.

चड्डीचं गणित मात्र उलटं निघालं. पॉलियुरेथेनची चड्डी धुऊन झटकली की तासा-दोन तासांत वाळते, लोकरीची पावसात दोन-तीन दिवस घेते. म्हणजे पावसाला पहिलीच बरी, असं मलाही वाटलं होतं. पण पहिली आतून ओलसर होते, घाम धरते, दोन-चारदा वापरली की वास मारते आणि धुवावी लागते. लोकरीची सारखी धुवावी लागत नाही. लंगोट बदलताना काढायची, खुंटीला टांगायची, वारं लागलं की पुन्हा घालायची. शी लागली तर तेवढीच जागा लगेच कोमट पाण्यानं पुसायची. पूर्ण धुणं दोन-तीन आठवड्यांतून एकदा. घरातली सगळ्यात उशिरा वाळणारी वस्तू पावसाळ्याला सगळ्यात सोयीची ठरते, ती अशी.

हे होतं कसं, तर लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण 30 टक्के ओल पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही, आणि ती ओल हळूहळू हवेत सोडते. धाग्यावर मेंढीच्या अंगचं मेण असतं, त्याला लॅनोलिन म्हणतात. ते पाण्याला अडवतं. आमच्याकडे हे कुणाला शिकवायची गरज नाही. घोंगड्याची खोळ डोक्यावर घेऊन पावसात मेंढरं राखणारा धनगर सगळ्यांनी पाहिलाय. घोंगड्याला चिंचोक्याची खळ लावतात, विणही घट्ट बसलेली असते, त्यामुळे ते जास्तच पाणी झटकतं.

मग घोंगड्याचीच चड्डी शिवावी का? सासूबाईंनी तसं सुचवलं होतं, आणि चेष्टेत नव्हे. नको. दख्खनी मेंढीची लोकर जाड, केसाळ. धागा 30 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वर गेला की कातडीला टोचायला लागतो, ही त्याच्याही पुढची. मेरिनोची साधारण 17 ते 24 मायक्रॉनची असते, बाळाला तीच. घोंगड्याचा तुकडा मी पाळण्यात वाकळीखाली घातलाय. तिथं तो उत्तम काम करतो, रबरी चादरीची गरज पडली नाही.

चड्डी हातानं विणता येते. स्वेटरच्या गळ्याच्या पट्टीसारखी कमरेला लवचीक विण, मांडीलाही तशीच, मधला भाग घट्ट. सैल विणलीत तर गळणार. लहान बाळाच्या एका चड्डीला 100 ग्रॅमच्या आतच लोकर लागते. पण दुकानात "लोकर" म्हणून जे गोंडस गुंडे मिळतात, त्यातले बहुतेक अॅक्रिलिकचे असतात. त्याचा स्वेटर होतो, चड्डी होत नाही, शू सरळ खाली येते. माझी पहिली चड्डी अशीच वाया गेली. तेव्हापासून धाग्याचा तुकडा चिमट्यात धरून काडी लावते. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटांत चुरली तर लोकर. वितळून टणक मणी झाला तर प्लास्टिक.

धुण्याची रीत: कोमट पाणी, रिठ्याचं पाणी किंवा लोकरीसाठीचा सौम्य साबण, चोळायचं नाही, पिळायचं नाही. टॉवेलात गुंडाळून दाबायचं आणि सावलीत आडवं पसरायचं. मग लॅनोलिन. औषधाच्या दुकानात बाळंतिणीच्या स्तनाग्रांना लावायचं शुद्ध लॅनोलिन मिळतं, तेच चालतं. अर्धा चमचा घेऊन वाटीभर गरम पाण्यात बाळाच्या साबणाच्या दोन थेंबांबरोबर ढवळायचं, दुधासारखं पांढरं झालं की कोमट पाण्याच्या भांड्यात ओतायचं आणि चड्डी त्यात दोन-तीन तास बुडवून ठेवायची. नव्या चड्डीला हे दोन-तीनदा करावं लागतं. पहिल्याच दिवशी गळली म्हणून कपाटात टाकणाऱ्या बायका मी पाहिल्यात. त्यांनी मेण चढवलेलंच नसतं.

एक धोका सांगते. घरात लंगोट उकळत्या पाण्यात टाकायची सवय सगळ्यांच्या हाताला असते. माझी दुसरी चड्डी एका पहाटे लंगोटांबरोबर हंड्यात गेली. संध्याकाळी ती ठकीच्या मापाची झाली होती. लोकर गरम पाण्यात घुसळली की धागे एकमेकांत अडकून आटते, आणि आटली की परत ताणून येत नाही. म्हणून चड्डी आणि लंगोट यांच्या बादल्या वेगळ्या, आणि हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवायचं. आणखी एक: लोकर दाबली गेली की ओल बाहेर येते. बाळाला झोळीत घट्ट बांधलं किंवा मांडीवर घेऊन तासन्‌तास बसलं, तर तुमची साडी ओली होणार.

बहिणीकडे ऊन भरपूर, पण पाणी वेगळं. तिच्याकडे बोअरचं जड पाणी. वडीचा साबण जड पाण्यात फेसाऐवजी चिकट साका देतो, तो सुतात बसतो, आणि महिनाभरात लंगोट पापडासारखे ताठ होतात. शोषणं कमी होतं आणि वास जात नाही. तिनं वडीऐवजी धुण्याची पावडर वापरावी, आणि शेवटची खळबळ नळाच्या पाण्यात करावी. इकडे विहिरीचं पाणी मऊ, एका पाण्यात साबण निघतो.

तिच्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी बाळाला काहीही न घालता सुती चौकोनावर ठेवणं सगळ्यात बरं. दर तासाला पायांवर बसवून "श्शू" केलं की निम्मे लंगोट वाचतात. आपल्या आज्या हेच करायच्या, आणि मुलं लवकर सांगायला लागायची त्याचं एक कारण तेही असावं, कारण ओलं झालेलं बाळाला कळत होतं. डायपरमध्ये ते कळतच नाही. ओल ओढून घेणारी भुकटी काम इतकं चोख करते.

तो चोखपणा मी नाकारत नाही. बेळगावहून रात्रीच्या गाडीनं पुण्याला जाताना मी डायपरच घालते. पाळणाघरं बहुधा डायपरच मागतात. सिझेरियन झालेल्या बाईनं पहिल्या पंधरवड्यात वाकून लंगोट खळबळावेत असं कुणी म्हणत असेल, तर त्यांनी स्वतः येऊन खळबळावेत. माहेरी चार हात असतात, तिसऱ्या महिन्यात सासरी आलं की दोनच उरतात. लंगोटाचा निर्णय तिथं होतो. नवरा धुणार का, हे बारशाआधी विचारून घ्यावं.

पैशाचं थोडक्यात. डायपर नगाला साधारण 10 रुपये धरला आणि दिवसाला सहा, तर महिन्याला 1800. जुन्या साड्यांचे 24 लंगोट शिंप्याच्या शिलाईत होतात. बटणाच्या चड्ड्या तीन-चार लागतात. मला दोन लोकरी चड्ड्यांची मेरिनो हजाराच्या आसपास पडली, आटलेली धरून नव्हे.

कातडीचं म्हणाल तर लाली कशानंही येते, वेळेवर बदललं नाही की. जस्ताचं मलम लावत असाल तर लंगोटावर पातळ सुती पट्टी ठेवा, मलम सुतात बसलं की ते पाणी घेत नाही. बाळाच्या अंगाला लावायची पावडर टाळा, ती श्वासात जाते. लाल चट्ट्याच्या कडेनं बारीक पुरळ उठलं तर बुरशी असू शकते, घरगुती उपाय करत न बसता डॉक्टरांना दाखवा.

कचऱ्याबद्दल शहरातल्यांना फार वाटत नाही. गुंडाळला, गाडीत टाकला, तुरमुरीच्या कचरा डेपोत गेला. 2016 च्या घनकचरा नियमांतही डायपर वेगळा गुंडाळून द्यायचा असंच होतं. खेड्यात गाडी रोज येत नाही. डायपर उकिरड्यात जातो, आणि उकिरडा वर्षाच्या शेवटी शेतात जातो. गेल्या वर्षी शेणखत विस्कटताना सासऱ्यांच्या फावड्याला पांढरी प्लास्टिकची चिंधी आणि फुगलेला थुलथुलीत गोळा लागला. तो आमचाच होता, पुण्याच्या प्रवासानंतरचा. काही बोलले नाहीत, बाजूला काढून ठेवला.

इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेनं 2008 मध्ये एका बाळाच्या अडीच वर्षांचा हिशेब मांडला होता. तापमानवाढीच्या बाबतीत सरासरीनं कापड आणि डायपर जवळजवळ सारखेच निघाले: 570 आणि 550 किलो कार्बन डायऑक्साइड. कापड दोरीवर वाळवलं, मशीन भरून धुतलं आणि दुसऱ्या बाळालाही तेच वापरलं, तर कापडाचा आकडा 40 टक्क्यांनी खाली येतो. तिकडे सुकवायचं मशीन वीज खातं. आपल्याकडे दोरी आहेच, आणि दुसऱ्या बाळाला तेच वापरणं तर आपल्याकडे कुणी सांगावंही लागत नाही.

तर बहिणीला मी हे सांगितलंय. दिवसा नुसता लंगोट, पाहुणे आले की बटणाची चड्डी, रात्री लोकरी. तिला लोकरी दोन पुरेत, पावसाळ्यातसुद्धा. डायपरचं एक छोटं पाकीट दवाखान्याच्या पिशवीत. खानापूरकडची कुणी विचारेल तर तिला लोकरी तीन आणि एकपदरी चौकोन 30, आणि बटणाची चड्डी नसली तरी चालेल. ज्या घरात धुणारं कुणीच नाही, तिथं दिवसा डायपर आणि रात्री लंगोट-लोकर असं अर्धं-अर्धं करा. लोकरी चड्डी एकदा अंगात गेली की रात्री उठून पाळण्यातलं अंथरूण बदलावं लागत नाही.

बहिणीच्या दोन्ही मीच विणतेय. एक झाली. दुसरीचा गुंडा कालच आला, अजून काडी लावून बघितलेला नाही.